कब्रस्तानाकडचा अंडरपास

“साहेब, जनाजा घेऊन पोहत जाऊ का आम्ही?”

रफिकचाचा अंडरपासच्या तोंडाशी उभे होते. आत कमरेइतकं पाणी. मलकापूरजवळच्या या गावातून आमचा चारपदरी हायवे गेला. गाव एका बाजूला राहिलं, कब्रस्तान दुसऱ्या. पलीकडे जायला ही एकच वाट. आणि त्या दिवशी चाचांची बायको वारली होती.

मी देखभालीचा इंजिनिअर. अंडरपास म्हणजे रस्त्याखालून काढलेला बोगदा. भराव कमी लागावा म्हणून हा जमिनीपेक्षा खोल घेतलेला, आणि शेजारचा नाला त्याहून उंच. पाणी जाणार कुठे? डिझाइन माझं नव्हतं. शिव्या खायला मात्र मीच हजर होतो.

“गाडीतून वळसा घालून नेऊ,” मी सुचवलं.

“नाही साहेब, आमच्यात खांद्यावरच नेतात. तिनं अर्ध्या गावाची बाळंतपणं केली. साऱ्यायले खांदा द्यायचा हाये. कोणाले नाही म्हणू?”

मग जनाजा वरून, हायवे ओलांडूनच न्यायचा ठरला. मी दोन्ही बाजूंना लाल झेंडे देऊन आमची माणसं उभी केली. ट्रक थांबवले. डिव्हायडर चढताना जनाजा एकीकडे कलला. हिंदू-मुसलमान सगळेच हात लावायला धावले. चाचा पुढे चालत होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात मी पादचारी पुलाचा प्रस्ताव पाठवला, सोबत त्या दिवसाचे फोटो जोडले. आमच्या वरच्या साहेबांनी ते नीट पाहिले.

“ट्रॅफिक छान थांबलंय की. मग प्रॉब्लेम काय?”

“सर, दरवेळी झेंडे घेऊन कोण उभं राहणार?”

“रोज कोण मरतं हो तिथे?”

फाइल बंद झाली. शेरा होता, ‘स्थानिक पातळीवर व्यवस्था झालेली आहे.’ पुरावा म्हणून माझेच फोटो. इतकं हताश मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं. अडचण आपण कशीबशी निभावून नेली, की वरच्यांच्या लेखी ती उरतच नाही, एवढं शिकलो. पुढे माझी बदली झाली.

या पावसाळ्यात चाचांचा फोन आला.

“साहेब, गावात मयत झाली. नवे साहेब फोन उचलून नाही राह्यले. तुमचे ते लाल झेंडे कुठी भेटतात?”

कुठलंही लाल कापड चालेल, काठीला घट्ट बांधा, मी म्हणालो. ट्रक दिसला की लांबूनच हलवा. चाचा “हाव, हाव” म्हणत ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी माझे आभार मानले.