दोन बोटांचा ढाळ

दिनकरअण्णा मंगळवारी सकाळी वारले. शेडचं शटर त्यांनी उघडलं होतं, आतली ट्यूब लावली होती आणि ते खुर्चीवर बसले होते. शनिवारी ते शालनवहिनींना घेऊन देवगडला, मुलीकडे, निघणार होते.

मी त्यांच्याबद्दल लिहायला बसतो आणि थांबतो. ते माझे नातेवाईक नव्हते. मित्र होते असं म्हणावं, तर कळंब्यातल्या एकाच गल्लीत नऊ वर्षं राहून आम्ही फक्त मान हलवत होतो. ओळख झाली ती शेवटच्या दोन वर्षांत, आणि तीही एका खाटेमुळे.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. एके दिवशी अण्णा ग्रंथालयात आले. उसाच्या ट्रॉल्या बांधणारा माणूस. हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग, खिशात मोजपट्टी. चप्पल दाराबाहेर काढून आत आले आणि टेबलाशी उभं राहून, वाचणाऱ्या सगळ्या मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, झोपेवर पुस्तक हाय काय?"

मी योगनिद्रेवरचं एक पुस्तक दिलं. दुसऱ्या दिवशी ते परत घेऊन आले. म्हणाले, "ह्यात झोप कशी आणायची ते लिवलंय. खाट कशी पायजे ते न्हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी वहिनींना कानाचं दुखणं झालं. ते बरं झालं, पण चक्कर राहिली. घरच्या खाटेवर त्या शांत झोपत. दुसरीकडे कुठेही आडवं झालं की खोली फिरायला लागे. एकुलती एक मुलगी, अर्चना, देवगडला दिलेली. तिला मुलगा झाला तेव्हा वहिनी सकाळी गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. बारशालाही तसंच. आजी म्हणून नातवाशेजारी एक रात्र त्यांना झोपता आलेलं नव्हतं. गल्लीतल्या कुणीतरी अण्णांना टोमणा मारला होता, की खाटच घेऊन जावा की टेम्पोतनं. अण्णांनी खरोखरच खाट टेम्पोत घातली, गगनबावड्याचा घाट उतरून देवगडला नेली. वहिनींना त्या खाटेवरही झोप लागली नाही. खाट परत आली. अण्णांनी त्यावरून निष्कर्ष काढला, की प्रश्न खाटेचा नसून खोलीचा आहे. घरची खोली बरोबर नेली पाहिजे.

मोबाइलवर त्यांनी कुठल्या तरी परदेशी कुटुंबाचा व्हिडिओ पाहिला होता. गाडीमागे ओढायची एक बुटकी खोली. मुक्कामाला पोचलं की तिचं छप्पर चारी कोपऱ्यांतून वर उचलायचं, मधे कापडाच्या भिंती उभ्या राहतात, आत माणूस ताठ उभा राहतो. मला समजावताना अण्णांनी डब्याचं झाकण उचलून दाखवलं. "पळताना बुटकी, म्हंजे वारा धरत न्हाय. उभी ऱ्हायली की उंच. आपल्या बायकांगत न्हाय काय, रस्त्यानं वाकून आनि घरात ताठ." हे वाक्य वहिनींनी ऐकलं आणि त्या दिवशी चहा फक्त मला मिळाला.

मला त्यांनी का निवडलं हे मी बऱ्याच उशिरा विचारलं. माझी झोप गेली कित्येक वर्षं तुटकी आहे, हे त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे. ते म्हणाले, "गाढ झोपणाऱ्याला दगडावर बी झोप लागती. त्याचा काय उपेग? तुमच्यासारख्याला लागली तर खरी." अशा रीतीने मी त्यांच्या शेडमध्ये दर रविवारी दुपारी जेवून झोपायला जाऊ लागलो. हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही.

पहिली चूक त्यांनी केली ती ट्रॉली बांधणाऱ्यानेच करावी अशी होती. आयुष्यभर त्यांनी दहा-दहा टन ऊस पेलणारी चाकं बसवली होती. या खोलीलाही त्यांनी तसेच कमानपाटे घातले, एकावर एक नऊ पट्ट्या. अण्णांच्या जीपमागे खोली लावून मुरगूडपर्यंत फेरी मारून आलो तर आतली गादी दारात, पाण्याचा माठ फुटलेला, आणि छपराच्या दोन कड्या सुटलेल्या. भरलेली ट्रॉली त्या पाट्यांवर पाण्यावरच्या होडीसारखी चालते. रिकामी खोली मात्र खड्ड्याखड्ड्याला उडी मारत होती. अण्णा बराच वेळ खाली वाकून बघत राहिले. म्हणाले, "हिला वाटालंय ऊस भरलाय." पुढच्या तीन रविवारी त्यांनी एकेक पट्टी काढली आणि चारवर आणून थांबले.

दुसरी चूक माझी. खोलीला टेकू लावायच्या आधीच मी मागच्या दारातून आत चढलो आणि मागच्या बाजूच्या बिछान्यावर बसलो. खोलीला दोनच चाकं, मधोमध. पुढचा दांडा जमिनीवरून उचलला गेला आणि मी पुस्तकासकट मागे कलंडलो. बाहेरून अण्णांचा आवाज आला, तो अगदी शांत होता. "सर, हलू नका. पुस्तक पुढं टाका. वजन हाय त्यात." मी पुस्तक पुढे टाकलं. अण्णा दांड्यावर जाऊन बसले आणि खोली सरळ झाली. त्यानंतर त्यांनी चार कोपऱ्यांना चार पाय बसवले, हँडल फिरवून खाली-वर होणारे, आणि दारावर रंगाने लिहिलं: आधी पाय, मग माणूस.

पायांवरून त्यांचं एक बोलणं मला नेहमी आठवतं. "गाडी पळतीया कशी ते कोन बी बघंल. उभी ऱ्हातीया कशी ते बघा." आपल्याकडच्या काळ्या मातीत पाय रुतत, म्हणून त्यांनी प्रत्येक पायाखाली घरातला जेवायला बसायचा पाट ठेवला. वहिनींनी दुपारी पाट शोधले, मग शेडवर आल्या, चारही पाट काढून घेतले आणि काही न बोलता गेल्या. अण्णा मला म्हणाले, "चिडली न्हाय. चिडली असती तर बोलली असती." मग त्यांनी जुन्या फळ्या कापल्या.

गादीचंही असंच. फोमवर मला घाम यायचा आणि मधे खड्डा पडायचा. कापसाची गादी घातली, तर वर उचललेल्या छपराच्या कापडी भिंतींतून आलेली ओल ती दोन दिवसांत धरायची. शेवटी खाली काथ्याची, वर कापसाची पातळ, आणि दोन्हींच्या खाली वारा खेळावा म्हणून भोकं पाडलेला पत्रा, अशी मांडणी झाली. मी कूस बदलली की खोली किती हलते हे अण्णा बाहेर बसून बघत. पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ते माझ्या उशाशी ठेवत. सपाटी बघायची पाणसळ त्यांच्याकडे होती, पण तिच्यावर विश्वास नव्हता. म्हणत, "वाटीला इचारा." आणि एका रविवारी मला खरंच झोप लागली. पावणेदोन तास. जाग आली तेव्हा वाटीतलं पाणी काठाशी होतं आणि अण्णा दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खोली घरासमोर आणली, छप्पर उचललं, वाटी लावून चारही पाय सपाट केले आणि वहिनींना आत झोपवलं. दहा मिनिटांत वहिनी भिंत धरून बाहेर आल्या. खोली फिरत होती. त्या पायरीवर बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की आता. अर्चना येतीया तेवढं बास हाय." अण्णा खोलीभोवती दोनदा फिरले. मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत, आणि ते मला जास्त अवघड गेलं.

त्या आठवड्यात त्यांनी काम केलं नाही. मग एका दुपारी, वहिनी देवळात गेल्या असताना, त्यांनी मला घरी बोलावलं. म्हणाले, "आता घरची खाट तपासू. शेवटचं." वाटी भरून त्यांनी वहिनींच्या खाटेच्या मधोमध फळीवर ठेवली. पाणी पायथ्याकडच्या काठावरून सांडलं. त्यांनी वाटी पुसली, पुन्हा भरली. पुन्हा तिकडूनच सांडलं.

त्या खोलीत पूर्वी म्हैस बांधत. मूत वाहून जावं म्हणून जमिनीला भिंतीपासून दाराकडे ढाळ दिलेला होता. म्हैस विकल्यावर अण्णांनी स्वतः तिथे फरशी घातली, पण ढाळ तसाच राहिला. खाट भिंतीशी लावली, उसं भिंतीकडे. वहिनी पाच वर्षं नव्हे, चांगली बावीस वर्षं डोकं दोन बोटं वर ठेवून झोपत होत्या. चक्कर सुरू झाल्यावरही त्या खाटेने त्यांना सांभाळलं ते त्या दोन बोटांनी. देवगडची फरशी सपाट होती. आणि चाकांवरची खोली तर अण्णांनी वाटी लावून सपाट केली होती.

मी न राहवून म्हणालो, "अण्णा, म्हणजे देवगडला खाटेच्या उशाखाली दोन ठोकळे ठेवले असते तर?"

ते खाटेवर बसले. म्हणाले, "व्हय." मग म्हणाले, "सर, ठोकळ्याचं तेवढं बोलू नका. एकदा हिला गाडीतनं घेऊन जातो. आल्यावर माझं मीच सांगतो."

मी कबूल केलं. त्यांनी चाकांवरच्या खोलीचे उशाकडचे दोन पाय लांबवून ती बाजू दोन बोटं उचलली. वहिनी आत गेल्या आणि दीड तास झोपल्या. उठल्या तेव्हा गालावर उशीच्या घडीची रेघ होती. त्यांनी विचारलं, किती वाजले. अण्णांनी जीप दुरुस्तीला टाकली आणि शनिवार ठरवला.

त्या शनिवारी आम्ही अण्णांच्या दहाव्याची तयारी करत होतो.

दिवसकार्य झाल्यावर अर्चनाला परत जायचं होतं. ती आईला चल म्हणत होती, आणि वहिनी एकच उत्तर देत होत्या: तिथं झोप लागत न्हाय, आनि गाडी ओढणारं माणूस गेलं. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. दोन दिवस ऐकत होतो. सांगावं, तर एका माणसाची दोन वर्षं दोन ठोकळ्यांच्या किमतीची होणार होती. न सांगावं, तर वहिनी त्या घरात एकट्या राहणार होत्या. जे सांगायचं ते अण्णांचं होतं, माझं नव्हतं. पुस्तकांत अशा वेळी माणसं कशी वागतात हे मला माहीत आहे. त्याचा काही उपयोग झाला नाही.

अर्चना निघायच्या सकाळी मी वहिनींना सांगितलं. म्हैस, ढाळ, वाटी, ठोकळे, आणि अण्णांनी गप्प राहायला सांगितलं होतं तेही.

वहिनी खाटेकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "कवा कळलं हुतं त्यास्नी?"

"ते जायच्या बारा-तेरा दिवस आधी."

"आनि त्याच्या आधीची दोन वर्षं?"

मी दारातून शेडच्या दिशेने बघितलं.

"रोज सांजंला शेडातनं गुणगुणत यायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्या दुखण्यात ह्या माणसाला काय एवढं गोड लागालंय." मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. "राग यायला पायजे. कुनावर करू सांगा, सर. गेल्याल्या माणसावर का म्हशीवर?"

त्या हसल्या का रडल्या, हे मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी अर्चनाला आपली पिशवी भरायला सांगितली. मी शेडमध्ये जाऊन दोन ठोकळे कापले. मला करवत धरता येत नाही. एक जरा तिरका झाला. अर्चनाने ते पिशवीत घातले.

तिसऱ्या दिवशी देवगडहून फोन आला. वहिनी म्हणाल्या की झोप लागली, नातू कुशीत होता, आणि त्याने लाथा मारल्या. मग त्यांनी फोन ठेवला.

घरच्या खाटेला वाटी लावून बघणं अण्णांना आधी सुचलं नाही, की त्यांना खोली बांधायचीच होती, हे मला अजून कळलेलं नाही. ज्याला विचारावं तो माणूस नाही.

वहिनी आता देवगडला असतात. खोली शेडमध्ये आहे, छप्पर खाली आहे. किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी दुपारी मी तिथे जातो, छप्पर उचलतो, पाय खाली सोडतो आणि झोपतो.