धनसिंगने चाखलेली गोळी

काठी गावाजवळच्या पाड्यावरचा धनसिंग चाखल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही. त्याच्या घरी मोहाची दारू वाढतानासुद्धा पहिला घोट घरधनी घेतो, पाहुणा नंतर. पाहुणा जगावा, एवढाच हेतू.

त्याच्या आठ वर्षांच्या जागृतीला फिट येत असत. रोजच्या गोळीने त्या थांबल्या. पोरगी शाळेत जाऊ लागली, धाकट्या भावाला नियमित बदडू लागली. पण गुजरातेत ऊसतोडीवर कोणीतरी धनसिंगला सांगितलं, की असली औषधं वर्षानुवर्षं घेतली तर पोर आतून पोखरतं. दुसऱ्या बापाने गोळी बंद केली असती. धनसिंगने सुरू केली, स्वतःला. आपल्याला काही झालं तर तिची थांबवायची, असं मनाशी ठरवून. शास्त्रज्ञांना अशा प्रयोगाला पुष्कळ माणसं लागतात. त्याचं एकावर भागलं.

लवकरच तो भरदिवसा पेंगू लागला. त्याची बायको कालीबाई हिने मोहाचं मडकं तपासलं. ते भरलेलं होतं, त्यामुळे ती जास्तच काळजीत पडली. तेवढ्यात जागृतीच्या गोळ्या संपत आल्या आणि तिघं खापर गावच्या दवाखान्यात गेली.

"इतक्या लवकर? हिला जास्त दिल्या का?" गायत्री डॉक्टरांनी विचारलं.

"नाय. तिला तेवढीच. बाकीच्या मी."

"तुम्हालाही फिट येते?"

"नाय. विष आहे का, पाहत होतो."

"अरे, त्यापेक्षा दारू प्यायचा होतास!" कालीबाईने कपाळावर हात मारला.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांना ते जड गेलं असावं. "भीती खोटी नाही तुमची. पण औषधाने तिला काय होतं, ते तिच्याच अंगावर बघायचं असतं, धनसिंगभाऊ." त्यांनी जागृतीला तोंड उघडायला लावलं. हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या. "हे या गोळीने होतं. आपण औषध बदलू. नवं सुरू करून हे हळूहळू कमी करू. एकदम सोडलं तर फिट परत येईल. मधूनमधून रक्तही तपासू."

"नवी मी चाखायची नाय?"

"नाही."

"मग मला कळणार कसं?"

"मला विचार ना, बा," जागृती म्हणाली. "खाते तर मीच."

हे त्याला सुचलं नव्हतं. आता रोज गोळी गिळून झाली की तो विचारतो, "काय होतंय?" ती म्हणते, "भूक लागलीय." बाजाराच्या दिवशी कालीबाई तिच्या हिरड्या बघते. मग नवऱ्याकडे वळते.

"आता तू. आ कर."