कललेल्या मानेची फुलदाणी

शिझुए कुनितोमी हे नाव कुठल्याच पाटीवर नाही. आमच्या गावच्या सांस्कृतिक भवनात दुसऱ्या मजल्यावर काचेच्या कपाटात सतरा फुलदाण्या मांडल्यात, आणि खाली पितळेच्या पाटीवर कोरलंय, 'कुनितोमी यासुहारु यांचा संग्रह. चाळीस वर्षांच्या निगराणीतून.' निगराणी कोणाची, हे कोणी विचारत नाही. मी विचारते. एकोणतीस हिवाळे मी शिझुएबाईंच्या शेजारी बसून कालवं फोडली आहेत, आणि गप्प बसायला मला कोणी शिकवलेलं नाही.

कालवांच्या शेडमध्ये आम्ही चौदा बायका होतो. शिझुएबाईंचा नवरा शाळेत उपमुख्याध्यापक. सगळा गाव त्याला मास्तर म्हणायचा, बायकोसुद्धा चारचौघांत मास्तरच म्हणायची. मास्तरांच्या बायकोनं शेडमध्ये यायची गरज नव्हती. पण मास्तरांचा पगार मातीत जायचा. म्हणजे अक्षरशः मातीत. इंबेला, त्या कुंभारांच्या गावी, एखादी भट्टी उघडली की मास्तर रविवारी पहिल्या गाडीनं हजर, आणि येताना बगलेत नव्या फुलदाणीची पेटी. मग घरात भाजी-मासळी कशावर आणायची? तर शिझुएबाईंच्या सुरीवर.

त्यांचे हात मी ओळखते. कालवाच्या शिंपल्यानं चिरलेले, मिठानं भेगाळलेले, बोटांची टोकं खरखरीत. त्याच हातांनी त्या सतरा फुलदाण्या वाढवल्या. इंबेच्या मातीच्या भांड्याला, म्हणजे बिझेनच्या भांड्याला, झिलई नसते. भट्टीतून निघतं तेव्हा ते कोरडं, उग्र, नवख्या सुनेसारखं अंग चोरून असतं. त्याला रोज पाणी दाखवावं लागतं. फूल ठेवायच्या आधी घटकाभर पाण्यात बुडवून ठेवायचं, मग त्याचे रंग जागे होतात. राखेचे तीळ, भाजताना गुंडाळलेल्या भाताच्या काडाचे लाल पट्टे वर येतात. साबण लावायचा नाही, कधीच नाही. नुसत्या हातानं चोळायचं. वाळवायचं सावलीत, चार-चार दिवस, कारण ओलं भांडं पेटीत गेलं की बुरशी धरतं. मग हळदीत रंगवलेल्या पिवळ्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचं. पंचवीस-तीस वर्षं असं केलं की त्या उग्र मातीला आतून आल्यासारखी मऊ चकाकी चढते. पाहुणे तीच बघायला यायचे.

"ही चकाकी विकत मिळत नाही हं," मास्तर म्हणायचे. "ही मी वाढवलीय."

शिझुएबाई तेव्हा चहा ओतत असायच्या. मी एकदा शेडमध्ये त्यांना म्हटलं, "तुम्ही बोलत कशा नाही हो? मी असते तर चहा त्यांच्या मांडीवर ओतला असता."

"तुझ्या नवऱ्यानं पाच वर्षांत पळ काढला तो उगीच नाही, योने," त्या म्हणाल्या. हसलो आम्ही. पण खरं सांगायचं तर माझा जीव जळायचा.

त्या सतरांत एक मात्र मास्तरांची नव्हती. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. मास्तरांच्या ओळखीच्या कोणीतरी दोघांना इंबेला हिगुची ताइझो नावाच्या कुंभाराची भट्टी उघडताना बघायला नेलं. तेव्हा हिगुचींना काळं कुत्रं विचारत नव्हतं. म्हातारा भांडी बाहेर काढून ओळीनं मांडत होता, आणि एक उंच फुलदाणी त्यानं फोडायच्या ढिगाकडे सारली. शिझुएबाई विशीतली पोर, तिला राहवलं नाही.

"तिला का बाजूला काढलंत?"

"मान कललीय. आगीत शेजारचीनं धक्का मारला असेल."

"कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी दिसते."

म्हातारा हसला. "मग घेऊन जा, पोरी. तुझं ऐकेल."

वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. मास्तर सबंध वाटभर धुसफुसत होते, की टाकाऊ भांडं घेऊन बसलीस, ओळखीचं कोणी भेटलं तर काय म्हणेल. घरी आल्यावर ती फुलदाणी स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली. बारा वर्षं ती तिथे होती. शिझुएबाई भात टाकताना तिच्याशी बोलायच्या. काय बोलायच्या, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. मूल झालं नाही त्यांना. तेवढ्यावरून काय ते समजा.

मग हिगुचींचं नाव झालं. मोठ्या शहरांतून लोक यायला लागले, आणि मास्तरांना आठवलं की आपल्या खिडकीत एक हिगुची आहे. तोवर त्यांनाही मातीचा नाद लागलेला. पण पेटीशिवाय भांड्याला अर्थ नाही. लाकडी पेटीच्या झाकणावर कुंभारानं स्वतःच्या हातानं लिहून सही केली, तर ते भांडं त्याचं. नाहीतर कोणाचंही. मास्तर फुलदाणी घेऊन म्हाताऱ्याकडे गेले. म्हाताऱ्यानं ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "ही मी तुमच्या बायकोला दिली होती." तरी झाकणावर लिहून दिलं बिचाऱ्यानं. मास्तर ही गोष्ट पाहुण्यांना विनोद म्हणून सांगायचे.

त्या दिवसापासून ती पेटीत गेली. संग्रहातली पहिली, मानाची. शिझुएबाईंच्या वाट्याला आलं ते तिला पाणी दाखवणं आणि वाळवणं. मास्तर पाहुण्यांसमोर ती काढायचे, हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हिची मान बघा. जरा डावीकडे कललीय. हजारांत एखादीच अशी निघते." पाहुणे "वा, वा" करायचे.

शिझुएबाईंना यातलं काही लागायचं नाही, असं त्या म्हणायच्या. "माझ्याकडे नाही बघितलं तरी फुलदाण्यांकडे बघतात ना. माणसाला कशाचं तरी वेड असावं." मी गप्प बसायचे. एवढंच काय ते मी आयुष्यात गप्प बसले.

मास्तर निवृत्त झाले आणि त्यांना पितळेची पाटी दिसायला लागली. गावात नवं सांस्कृतिक भवन बांधायला घेतलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी नगरपालिकेच्या साहेबांना जेवायला बोलावलं, शिझुएबाईंनी कालवं घातलेली धिरडी केली, आणि धिरडं ताटात पडता पडता मास्तर म्हणाले, "सगळा संग्रह गावाला देतोय." बायकोलाही ते तेव्हाच कळलं. साहेब दीड वर्षानं येणाऱ्या उद्घाटनाबद्दल बोलत होते.

साहेब गेल्यावर शिझुएबाई म्हणाल्या, "अहो, एक राहू द्या."

"कुठली?"

"ती. हिगुचींनी मला दिलेली."

"अगं, तीच तर मुख्य! ती नसेल तर बाकीच्या सोळांना कोण विचारतंय? आणि तुला फूलच ठेवायचंय ना? घरात लोणच्याच्या बरण्या थोड्या आहेत का?"

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्यांनी हे सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सुरी मात्र सारखी घसरत होती. संताप मलाच आला, आणि माझ्या तोंडून थट्टेनं निघून गेलं, "द्या की पेटीत दुसरी घालून! पेटी दिसली की झालं."

त्या हसल्या नाहीत. तिथेच मी चपापायला हवं होतं.

ऑक्टोबरात इंबेला भांड्यांचा बाजार भरतो. शिझुएबाई मला घेऊन गेल्या. हिगुची म्हातारा जाऊन सात वर्षं झाली होती, पण त्याचा एक शिष्य तिथे मांडून बसला होता. त्याच्याकडे एक फुलदाणी मिळाली. तीच माती, तीच उंची, खांद्यावर तसेच राखेचे तीळ. पण मान सरळ. काठीसारखी ताठ.

"आणि मान?" मी म्हटलं.

"असू दे."

"बाई, आंधळ्यालाही कळेल."

"कळू दे की." त्यांनी ती हातात घेतली. "कळलं की ते माझ्याकडे येतील, शिझुए, हे काय केलंस म्हणून ओरडतील. मग मी बोलणार आहे. काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय मी."

तर असं होतं. फुलदाणी ठेवून घ्यायची होतीच. पण त्याहून त्यांना पकडलं जायचं होतं. नवऱ्यानं एकदा दचकून आपल्याकडे वळावं, एवढ्यासाठी साठी उलटलेली बाई चोरी करायला निघाली होती.

वर्षभर ती नवी फुलदाणी माझ्या मोरीत होती. शिझुएबाई शेडवरून येता-जाता तिला पाणी दाखवायच्या, तळहातानं चोळायच्या. चाळीस वर्षांची चकाकी एका वर्षात येत नाही. आली ती बेताची, नवी नवी. फुलदाण्या न्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती पहिल्या पेटीत घातली, आणि खरी माझ्या कपाटात आणून ठेवली.

भवनाची माणसं फुलदाण्या न्यायला आली तेव्हा मी मदतीच्या निमित्तानं तिथेच होते. पांढरे हातमोजे घातलेला एक कारकून पेटी उघडायचा, झाकणावरचं अक्षर यादीशी ताडून बघायचा, आत डोकावायचा आणि खूण करायचा. मास्तर शेजारी बसून एकेकीचा इतिहास सांगत होते. पहिली पेटी आली. कारकुनानं झाकण वाचलं, पिवळं कापड बाजूला केलं, "वा" म्हणाला आणि खूण केली. मास्तर मानेनं हो हो करत होते. शिझुएबाई दाराशी उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. बोलायच्या तयारीत.

माणसं गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "मास्तर घाईत होते. उद्घाटनाला बघतील."

उद्घाटनाला अख्खा गाव लोटला. मास्तरांनी नवा सूट शिवला होता. काचेच्या कपाटांवर दिवे सोडलेले, आणि मधोमध एकटी ती ताठ मानेची. मास्तर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले, हात मागे बांधले. शिझुएबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं रुतली मला.

"आता हिची मान बघा," मास्तर म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले.

"जरा डावीकडे कललीय, दिसतंय? हजारांत एखादीच अशी निघते. आणि ही चकाकी! ही विकत मिळत नाही. ही मी वाढवलीय."

मी डोळे उघडले. नगरपालिकेचे साहेब मान डावीकडे कलती करून बघत होते. "वा," ते म्हणाले. "काय लय आहे!" मागच्या बायकांनी माना डोलावल्या. कोणीतरी फोटो काढला. ती फुलदाणी खांबासारखी सरळ उभी होती, आणि शे-दीडशे माणसांना ती कललेली दिसत होती. मला हसू आलं, खरंच सांगते, इतकं हसू आलं की तोंडावर रुमाल धरावा लागला. मग मी शिझुएबाईंकडे बघितलं आणि हसू जागच्या जागी मेलं.

त्यांनी माझं मनगट सोडलं होतं. त्या फुलदाणीकडे नाही, नवऱ्याकडे बघत होत्या. परका माणूस आपल्या घरात शिरून जेवायला बसला की त्याच्याकडे बघावं, तशा.

पण आशा वाईट. आठ दिवस त्यांनी वाट बघितली. मास्तर रोज भवनात जायचे, आल्यागेल्याला समजावून सांगायचे, तृप्त होऊन घरी यायचे. नवव्या दिवशी दुपारी शिझुएबाई माझ्याकडे आल्या, माझ्या कपाटातून खरी फुलदाणी काढली, घटकाभर पाण्यात ठेवली आणि घरी नेली. मी मागोमाग गेले. त्यांनी ती घरात शिरतानाच्या कोनाड्यात ठेवली, जिथे चपला काढताना माणसाची नजर जातेच जाते. तिच्यात रानशेवंतीची एक काडी खोवली. ओली माती नुसती लखलखत होती. डावीकडे कललेली मान अशी, की कोणी आत्ता काहीतरी बोलणार आहे आणि ती ऐकायला थांबलीय.

मास्तर आले. चपला काढल्या, वर बघितलं. शिझुएबाई समोरच गुडघे टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर. मी स्वयंपाकघराच्या दारात.

"हे काय?"

शिझुएबाईंचा श्वास मला ऐकू आला. "फुलदाणी आहे."

"ते दिसतंय मला. कुठून आणलीस?" ते वाकले, जवळून बघितलं. तोंडापासून वीतभर अंतरावर होती ती. "याला पेटी आहे का?"

"नाही."

"मग? कोणाच्या हातचं, काय, पत्ता नाही. आणि मान बघ, वाकडी. भट्टीतून टाकून दिलेलं असणार." ते सरळ झाले आणि कोट काढून बायकोच्या हातात दिला. "भवनात आपला संग्रह आहे, लोक घरी येतात. असलं काहीतरी दारात दिसलं तर काय म्हणतील? मागच्या दाराशी ठेव. चहा टाक."

शिझुएबाईंनी कोट खुंटीला लावला. चहा टाकला. तो नेऊन दिला. मग फुलदाणी उचलून मागच्या दारी गेल्या, आणि मी त्यांच्या पाठोपाठ. माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता आत जाऊन सांगते त्यांना. वर्षानुवर्षं ज्या मानेचं कौतुक केलं, ती समोर असून ओळखता आली नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगते. गावाला सांगते. पाटी उखडून टाकतील लोक.

"नको," त्या म्हणाल्या.

"का नको? तुम्हाला हेच तर हवं होतं!"

त्यांनी फुलदाणी कोळशाच्या डब्याशेजारी ठेवली. शेवंतीची काडी सरळ केली.

"मला वाटायचं, माझ्याकडे बघत नाहीत कारण फुलदाण्यांकडे बघतात," त्या म्हणाल्या. "त्यावर मी इतकी वर्षं काढली, योने. तेवढंही खरं नव्हतं."

"म्हणून तर सांगा म्हणते! सांगा, आणि ठरवून ठेवलंय ते बोला एकदाचं."

"सांगितलं तर काय करतील ठाऊक आहे? धावत भवनात जातील, पेटी आणतील, हिला उचलून तिच्यात घालतील." आतून मास्तरांनी हाक मारली, बिस्किटं कुठे आहेत म्हणून. "आले," शिझुएबाई ओरडल्या, आणि एप्रनला हात पुसत मला म्हणाल्या, "माझ्याकडे तेव्हाही नाही बघणार."