माझ्या बाईकचे हलके व्हॉल्व्ह
आता काय काय सांगू? हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण या प्रकरणात माझी बाजू घ्यायला मीसुद्धा तयार नाही.

गोडदेवच्या गर्दीत माझी बाईक दुसऱ्या गियरच्या वर जात नाही. तरी मला तिच्यात रेसिंगवाले हलके व्हॉल्व्ह हवे होते. चौक गावच्या ग्लेन मेकॅनिकने समजावलं होतं, "इंजिन जोरात फिरलं का जड व्हॉल्व्ह टायमावर बंद होत न्हाय. स्प्रिंगला झेपत न्हाय. हलका पटकन बसतो, मंग इंजिन आजून वर पळतं."

एवढं ज्ञान पोटात ठेवून मी गप्प बसणार का? रविवारी सासुरवाडीत जेवताना मेहुण्याला, नितीनला, ऐकवलं. तो हसला.

"भावोजी, पाच-दहा ग्रॅमने काय होणारे? फरक पडला तर सगळ्यांसमोर कान पकडीन. नाही पडला तर तुम्ही पकडायचे."

सासूबाई वाढता वाढता थांबल्या. आता माघार कशी घेणार?

ग्लेनने इंजिन उघडलं, जुने व्हॉल्व्ह घासूनपुसून चकचकीत केले. मी ते जुने आणि त्याने मागवलेले नवे, दोन्ही घरी आणले, बायकोच्या केकच्या वजनकाट्यावर तोलले, फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. सकाळी पुडी ग्लेनला नेऊन दिली.

गाडी तयार झाली आणि चेण्याच्या रस्त्याला काय पळाली म्हणता! नितीनला मागे बसवलं. "ऐकतोयस ना आवाज? कसा मोकळा झालाय?"

"हं... फरक आहे खरा," तो म्हणाला. पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांसमोर कान पकडले. मी दोनदा पकडायला लावले.

त्याच संध्याकाळी बायकोने वजनकाट्याशेजारचा, केकवर क्रीम काढायच्या नोझलचा डबा उघडला. "अहो, हे मशरूमसारखं काय आहे?"

नवे व्हॉल्व्ह. दोन्ही.

"मग गाडीत काय बसवलंय?" तिने विचारलं. मी तडक चौकला पळालो.

"तुमी जुनेच आनून दिले," ग्लेन शांतपणे म्हणाला. "मला वाटलं, इचार बदलला."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलनार व्हतो. पन तुमी चक्कर मारून आलात, म्हनलात रॉकेट झाली. एवढा खूश मानूस, मी कशाला बोलू?"

गुपचूप नवे बसवून घेतले. बायकोने तोंड बंद ठेवायचं कबूल केलंय, अटी रोज बदलतात. काल चेण्यापर्यंत जाऊनही आलो. गाडी बरी पळते.

पण खरं सांगू? जुने व्हॉल्व्ह होते तेव्हा जास्त पळायची.