समुद्रावरच्या देवळाचा बेत

आईच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. कृष्णेच्या घाटावर पिंड मांडून ठेवले होते, समोरच्या झाडावर कावळे चांगले ओळीने बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. दादाने हात जोडून सांगितलं, "आई, बाबांची काळजी करू नकोस, मी आहे." मग वहिनीने सांगितलं, मावशीने सांगितलं. मी जपानहून धावतपळत पोचले होते, मीही म्हणाले, "आई, माझ्या सईचं शिक्षण, संस्कार, सगळं नीट करीन." कावळे ढिम्म. ऊन चढायला लागलं तसा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. शास्त्रात तशी सोय आहे म्हणे. पण घरी परतताना मावशी गाडीतून सारखी मागे घाटाकडे बघत होती. आईचं काहीतरी राहिलं होतं, आणि ते काय हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

एरवी मी फार मानणारी बाई नव्हे. घरात देव आहेत, दिवा लावते, संपलं. पण ही गोष्ट मनातून जाईना. टोकियोला, एदोगावातल्या आमच्या फ्लॅटवर परतले आणि पहिल्याच सकाळी कचरा टाकायला खाली गेले, तर तिथे हे कावळे! चांगले कोंबडीएवढे. कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी टाकलेली असते, तिच्या खालून चोच घालून कोणाच्या घरची उरलीसुरली मासळी ओढत होते. मला असा संताप आला म्हणून सांगू! मेल्यांनो, इथे उष्टंखरकटं चालतं, आणि माझ्या आईचा भात चालत नाही? वेडेपणाच होता तो, कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी बाल्कनीच्या कठड्यावर दहीभाताची मूद ठेवलीच. कावळा आला नाही, बिल्डिंग सांभाळणारे कानरिनिन-सान आले. कावळ्यांना खायला घालायचं नाही हा इथला नियम, शेजारच्या बाईंनी तक्रार केलेली. बिचारे माझ्यापेक्षा जास्त वेळा वाकून गेले. मी शेजारी मिठाईचा डबा देऊन माफी मागितली आणि दार लावून रडले. नवरा म्हणाला, "अगं, दर्भाचा कावळा चालतो ना? मग झालं की." त्याला काय सांगणार? झालं नव्हतं.

त्या दिवसांत आईची जपानवारी सारखी आठवायची. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे राहायला आली होती. आई बालवाडीत शिकवायची. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. त्यावर ग्रीसमधलं एक फार जुनं देऊळ होतं. छप्पर उडालेलं, नुसते पांढरे खांब उरलेले, आणि खाली निळाशार समुद्र. साडी काढताना ती रोज ते बघायची. आमच्या गावाला नदी, समुद्र कुठला! "देवाला समुद्राकडे तोंड करून बसवायचं म्हणजे केवढी हौस त्या लोकांना," असं म्हणायची. इथे आली तेव्हा मी सहज बोलून गेले की जवळच एनोशिमा नावाचं बेट आहे, तिथे बेंतेन देवीचं पुरातन देऊळ आहे, समुद्रावरच, आणि बेंतेन म्हणजे आपली सरस्वतीच. झालं! दर दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढण्यात हिचा जन्म गेलेला. म्हणाली, "ग्रीसला मी कुठली जाते? पण सरस्वती एवढा समुद्र ओलांडून इथवर आली, तर मला एक दिवस जायला काय झालं?"

मग बेत सुरू झाला. एका दिवसाची सहल, पण आईने ती चारधाम यात्रेसारखी आखली. मोबाइलवरच्या नकाशावर बोट ठेवून विचारायची, गाडी कुठे बदलायची, चढ किती, बसायला बाक आहेत का, आणि सगळ्यात आधी, बाथरूम कुठे. डब्याला काय, हे मात्र तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. दुधातल्या दशम्या आणि दाण्याची चटणी. आधी देवीला नैवेद्य दाखवायचा, मग समुद्राकडे तोंड करून आपण खायचं. बेटावर पायऱ्या बऱ्याच आहेत हे कळल्यावर तर ती लिफ्ट सोडून आमच्या बिल्डिंगचा जिना चढायला लागली. गुडघ्यांना सवय हवी ना! सईला खालच्या पायरीवर उभी करायची आणि कठडा धरून चढता चढता म्हणायची, "बघ, तुझी आजी चालली देवीला." सई खालून जपानीत ओरडायची, "गानबारे, ओबाचान!" म्हणजे जोर लाव, आजी. तो जिना मी आजही एकटी चढले तर कठडा धरूनच चढते.

आणि इतकं करून जाणं झालंच नाही. एकदा पावसाची झोड उठली. एकदा नवऱ्याच्या ऑफिसात काहीतरी पेटलं आणि रविवार गेला. मग सईला ताप. शेवटच्या शनिवारी दशम्या करून डब्यात भरल्यासुद्धा, आणि वादळामुळे गाड्या बंद! आईने डबा उघडला, टेबलावर मांडला, आणि आम्ही खिडकीकडे तोंड करून दशम्या खाल्ल्या. "समजा समुद्र," ती म्हणाली. सगळे हसलो. विमानतळावर निघताना मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. "हो ग, देवी काय पळून जातेय," म्हणाली. पुढची वेळ आलीच नाही.

यंदा पानं पिवळी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. सईच्या शाळेला सुट्टी होती, मलाही काम नव्हतं. सकाळी कणीक भिजवायला घेतली आणि पाण्याऐवजी हातून दूधच ओतलं गेलं. आता पोळ्या कसल्या, दशम्याच कराव्या लागणार. चटणी कुटली. सई वासाने आत आली आणि म्हणाली, "आजीच्या देवळात जायचंय का?" मी दशम्या डब्यात भरायला घेतल्या. या वेळी ना हवामान बघितलं, ना नकाशा. डबा पिशवीत टाकला आणि निघालो. गाड्या एकीला लागून एक मिळत गेल्या. शेवटची छोटी हिरवी गाडी घराघरांच्या परसातून जाते आणि एकदम समुद्र समोर येतो. सईने काचेला नाक लावलं. मी मनातल्या मनात आईला सांगत होते, आलं बघ, आलं.

पूल ओलांडला, पायऱ्या चढलो. आईचे गुडघे जिथे जिथे दुखले असते तिथे तिथे मी उगाचच थांबले. देवळात इथल्या पद्धतीने दोनदा वाकलो, दोनदा टाळी वाजवली. आतल्या दालनात देवी आहे, मांडीवर वीणेसारखं वाद्य धरलेली. मला वाटलं होतं, इथे तरी मन निवेल. छे. उलट रागच आला. तू इथेच होतीस, आणि चार वेळा तिला येऊ दिलं नाहीस. आता मी येऊन काय उपयोग? असं देवीच्या तोंडावर म्हणाले आणि बाहेर पडले.

बेटाच्या मागल्या बाजूला उतरलो. तिथे खडक आहेत आणि मग नुसता समुद्र. एका बाकावर डबा उघडला. शेजारी घारीचं चित्र असलेला फलक होता. या भागात घारी फार, हे आई असतानाच वाचलं होतं, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. नैवेद्य आत दाखवायचा धीर झाला नव्हता, म्हणून दशमी आणि चटणी तळहातावर घेतली, भोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. काही मागितलं नाही. आईला कसलं वचनही दिलं नाही. इतकंच म्हणाले, "आई, पोचलो ग. हा समुद्र."

डोक्यावर काहीतरी फडफडलं. वाऱ्याचा झोत तोंडावर आला, हाताला चटका बसला, आणि डोळे उघडले तर तळहात रिकामा. ही एवढी मोठी तपकिरी घार, पंजात दशमी, अंगावर ऊन, समुद्रावर वर वर चाललेली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

दोन बाकं पलीकडे एक वयस्क जपानी बाई बसल्या होत्या. त्या अक्षरशः धावत आल्या, माझा हात धरून आपल्या उन्हाच्या छत्रीखाली घेतलं, पाणी ओतून ओरखडा धुतला, पट्टी लावली आणि कमरेत वाकून माफी मागायला लागल्या. घारीच्या वतीने! आमच्या घारी फार वाईट आहेत हो, तुम्हाला केवढं लागलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला आधी हसू फुटलं आणि मग जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. त्या बाई घाबरल्या. मला जपानी येतं, पण त्या वेळी तोंडातून शब्द फुटेल तर ना! तेव्हा सईने त्यांना शांतपणे जपानीत सांगितलं, आईला दुखत नाहीये. माझी आजी वारली. आमच्याकडे पक्षी येऊन जेवला म्हणजे आजी जेवली. तेव्हा कावळा आला नव्हता, आज ही घार आली.

घाटावरचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. फोनवरची बोलणी कानावर पडत असणार. त्या बाईंना मात्र यात काही नवल वाटलं नाही. त्या घारीच्या दिशेला वळल्या, हात जोडले, आणि मला म्हणाल्या, "योकत्ता देस ने." बरं झालं हो. मग उरलेल्या दशम्या आम्ही तिघींनी त्यांच्या छत्रीखाली बसून, समुद्राकडे तोंड करून खाल्ल्या. चटणी त्यांना तिखट लागली, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

तिथल्या घारी रोज कोणाकोणाचं खाणं पळवतात, मला माहीत आहे. हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. मला फक्त ठाऊक आहे की महिनोन्महिने छातीवर ठेवलेला धोंडा त्या बाकावर राहिला. चार बेत आम्ही आखले, ते मोडले. पाचव्यांदा काहीच आखलं नाही, तेव्हा देवीने हात धरून नेलं. आता मी पुष्कळशा गोष्टी तिच्यावर सोडते आणि तिच्यावर रागावतेही. तिला चालतं असं दिसतंय.

परतीच्या वाटेवर पुलावरूनच दादाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आपण तिला बाबांचं सांगितलं, पोरांचं सांगितलं. तिचं तिला कोणी विचारलंच नाही ग." मागे बेटावर घारी फिरत होत्या. सईने पिशवीतून रिकामा डबा काढला आणि सगळं खाऊन संपलं हे त्यांना दिसावं म्हणून उंच धरला.