पाचव्या व्हॉल्व्हची शोधाशोध

वाजणाऱ्या रेडिओच्या घरात लोक रेडिओ ऐकतात. बंद रेडिओच्या घरात लोक रेडिओविषयी बोलतात! आमचा तीन वर्षं बंद होता. त्यामुळे नववीतल्या आम्हा तिघी मैत्रिणींकडे, म्हणजे शांता, कुसुम आणि मी, एवढे किस्से साचले की आता लिहून काढलेले बरे. मी वर्गात फारशी बोलत नाही. लिहिते मात्र.

*

रेडिओ जुना, व्हॉल्व्हचा. आत काचेचे पाच छोटे दिवे असतात, ते तापले की आवाज येतो. आमच्या रेडिओतला एक जळाला आणि रेडिओ मुका झाला. माझे बाबा शेलूबाजारच्या दवाखान्यात कंपाउंडर. रेडिओ बंद, तरी दरवर्षी पोस्टात जाऊन ते रेडिओचं लायसन नवं करून आणायचे.

"बंद रेडिओचं लायसन कायले काढता, कंपाउंडर?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"मुका झाला म्हणून घरातून काढू काय त्याले?" बाबा म्हणाले.

*

शांताला क्रिकेटचं वेड. कोणी किती धावा काढल्या, तिला विचारा! एसटी स्टँडजवळच्या पानठेल्यावर ट्रान्झिस्टर होता. मॅच असली की तिथे माणसांची ही गर्दी. एकदा शाळेतून येताना शांता कडेला थांबून कॉमेंट्री ऐकू लागली. आम्ही दोघी तिच्यामागे.

"पोरीइनं इथं उभं नाही राहाव," पानठेलेवाला म्हणाला.

"रस्ता काय तुमचा हाय?" शांता म्हणाली.

"रस्ता नाही, पन रेडिओ माह्या हाय!" असं म्हणून त्यानं बटणच फिरवलं. रेडिओ बंद!

शांता हलली नाही. तोही हट्टाला पेटला. शेवटी गर्दीतल्या कोणीतरी हात घालून रेडिओ लावला, तेव्हा कळलं की मधल्या वेळात दोन विकेट पडल्या. सगळी गर्दी पानठेलेवाल्याच्या अंगावर धावली. आम्ही घरी निघालो.

वाटेत शांता म्हणाली, "पुढच्या शनिवारी दुसरी टेस्ट हाय. तवा आपला रेडिओ वाजलाच पाह्यजे. आता त्या ठेल्यावर पाय नाही ठेवत मी."

*

रेडिओ चादरीत बांधून आम्ही रहमानचाचांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेला. नवा व्हॉल्व्ह अकोल्याहून मागवावा लागेल म्हणाले. किंमत ऐकून कुसुम स्टुलावर बसली.

"बेटी, आता जमाना ट्रान्झिस्टरचा हाय. हे खोकं मलेच दे. भंगारात घेतो."

"भंगारात घेऊन काय करान, चाचा?"

"जुना व्हॉल्व्ह शोधीन, लावीन अन् इकीन."

"मंग शोधाचंच हाय तं आमीच शोधतो!" शांता म्हणाली.

चाचा खूप हसले. चिठ्ठीवर व्हॉल्व्हचा नंबर लिहून दिला. "कोन्या बंद सेटमधून आना. लावून मी फुकट देतो."

*

शाळेच्या कपाटात एक बंद रेडिओ होता. धूळ बसलेला. आम्ही हेडसरांकडे गेलो.

"सर, तो बंदच आहे. त्यातला एक व्हॉल्व्ह मिळेल का?" शांतानं विचारलं.

सरांनी चष्मा काढला. "ती सरकारी वस्तू आहे. रजिस्टरमध्ये 'एक रेडिओ, नादुरुस्त' अशी नोंद आहे. उद्या तपासणी झाली, तर ती तेवढीच नादुरुस्त सापडली पाहिजे!"

*

शांताचे मामा आसेगावला. आम्ही तिघी तिकडे गेलो. त्यांच्या माळ्यावरच्या जुन्या सेटमधला व्हॉल्व्ह त्यांनी काढून दिला. तिनं तो हातरुमालात गुंडाळून, एसटीत उभ्यानं आणला. चाचांनी पाहिला आणि परत दिला. नंबर दुसराच होता.

खरं सांगायचं तर मला ते आसेगावलाच दिसलं होतं. पण खोलीत माणसं खूप होती, म्हणून मी बोलले नाही.

दुकानाबाहेर मी हे कबूल केलं, तेव्हा शांता म्हणाली, "तुह्याही तोंडातला व्हॉल्व्ह गेला काय वं?"

*

शनिवारला दोन दिवस उरले. कुसुमची ताई मेडशीला दिलेली. लग्नात तिच्या सासरच्यांनी हट्टानं रेडिओ मागून घेतला होता, अगदी आमच्यासारखाच. गंमत म्हणजे त्यांच्या वस्तीत वीजच नाही! रेडिओ फळीवर, भरतकामाच्या रुमालाखाली. पाहुणे आले की रुमाल उचलायचा, दाखवायचा, झाकायचा.

आम्ही मेडशीला गेलो, आणि या खेपेला मी बोलले. चाचांची चिठ्ठीही समोर ठेवली. "मावशी, यातला एक व्हॉल्व्ह आम्हाला मॅच ऐकायला उसना द्या. तुमच्याकडे वीज आली की परत आणून देतो."

ताईची सासू म्हणाली, "लग्नातली वस्तू हाय ते. तिले हात नाही लावाचा. अन् पोरीच्या जातीले मॅच कायले पाह्यजे वं?"

ताई चुलीपाशी होती. ज्वारीच्या लाह्या भाजत होती.

संध्याकाळी ती आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आली. गाडी सुटताना तिनं ज्वारीच्या लाह्यांचं गाठोडं कुसुमच्या मांडीवर ठेवलं. "हळू धरजो. आपटू नको."

कुसुमनं लाह्यांत हात घातला. बोटांना काच लागली.

"ताई! तुह्या सासूले समजलं तं?"

"माह्या बापानं देल्ला, मी माह्या बहिणीले देल्ला. समजू दे!"

शनिवारी सकाळी चाचांनी तो व्हॉल्व्ह बसवला. आधी नुसती घरघर, मग आतून तांबूस उजेड, आणि मग कॉमेंट्री! शांता रडली. नाही म्हणते, पण रडली.

सोमवारी ताई सासूचे डोळे दाखवायला दवाखान्यात आली. डॉक्टर यायला वेळ होता, म्हणून बाबांनी दोघींना आमच्या घरी बसवलं. मॅच रंगात आलेली. सासू रेडिओसमोर मांडी घालून बसली आणि कान देऊन ऐकू लागली.

"आवाज लय साफ हाय वं याचा," ती म्हणाली. "आमचाही असाच हाय. आमच्या वस्तीत लाईन येऊ द्या, मंग पाहा कसा वाजते!"

कुसुम आणि मी जमिनीकडे बघू लागलो. शांता पाणी प्यायला म्हणून बाहेर पळाली.

ताई उठली, आणि तिनं आवाज वाढवला.