एकोणपन्नास दिवस पुरे

आमच्या कंपनीत अंडी उबवणाऱ्या यंत्रांची नियंत्रक पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, बनायची. पेटीतली ऊब राखायची, दमटपणा राखायचा आणि दर तासाला अंड्यांचे ट्रे एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलते करायचे, एवढंच त्या पाटीचं काम. तिच्यातला प्रोग्रॅम एका बाईंनी एकटीने लिहिला होता, एकोणीस वर्षांपूर्वी, थेट चिपच्या भाषेत. त्यांना सगळे बाइटताई म्हणायचे. चिपमध्ये जागा इतकी थोडी होती की ताईंनी एकेक बाइट तीन-तीन कामांना राबवला होता. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर चाचणीचं काम करायचो.

त्या वर्षी ताईंची आई वारली. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. दुपारचं जेवण शेजारीण भरवायची, बाकी तिचं सगळं ताई एकट्याच करायच्या. चौथ्या दिवशी त्या कामावर आल्या. पिशवी खुर्चीला अडकवली, चष्मा पुसला, आदल्या आठवड्यातली फाइल उघडली. मी म्हटलं, "ताई, अजून थोडे दिवस घरी राहायचं होतं."

"घरी काय करू?" त्या म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं, रागही नाही. दुपारी एक वाजला की त्यांचा हात आपोआप फोनकडे जायचा, आईला जेवण भरवलं का हे शेजारणीला विचारायला. मग हात तिथेच थांबायचा आणि त्या पुन्हा पडद्याकडे बघायच्या. एवढंच काय ते दिसायचं.

त्याच सुमारास नवे सॉफ्टवेअर प्रमुख आले. साहेबांचं एक लाडकं मत होतं. खालच्या पातळीची भाषा माणसाला शिस्त लावते, असं ते उठता-बसता सांगायचे. "हल्लीच्या भाषा पोराला कडेवर घेतात. मेमरी त्याच सांभाळतात, चूक झाली तर पोटात घालतात. चिपच्या भाषेत पडलात की गुडघे फुटतात, म्हणून माणूस बघून चालतो. आपल्या बाइटताई बघा. एकोणीस वर्षांत एक तक्रार नाही."

ताई मान हलवायच्या. हो म्हणताहेत की नुसतं ऐकताहेत, कळायचं नाही. साहेबांनी नव्या लोकांसाठी प्रशिक्षणाची पुस्तिका करायला घेतली आणि पहिल्याच पानावर ताईंचा दाखला दिला.

पुस्तिका छापायला जायच्या आधी एका उबवणी केंद्रातून फोन आला. यंत्रात ऊब बरोबर आहे, पडद्यावर सगळं ठीक दिसतंय, पण ट्रे तीन दिवस एकाच बाजूला कललेले आहेत. ते हलवणारी मोटर जळलीय.

मी आणि ताई कंपनीच्या गाडीने गेलो. केंद्र चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, रबरी बूट घातलेल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. आम्हाला आत नेलं, एक ट्रे टेबलावर ठेवला आणि एकेक अंडं फोडून दाखवू लागल्या. "हे बघा, कवचाला चिकटलंय. हेही. अंडं हलवलं नाही की असं होतं." पंधरा-वीस अंडी फोडून झाल्यावर मीच म्हटलं, "पुरे, कळलं." ताई मात्र शेवटपर्यंत बघत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"यंत्र बंद कधी करता?"

"बंद? बंद कशाला करू?" बाई म्हणाल्या. "दर आठवड्याला नवी अंडी आत जातात, अठरा दिवसांची झालेली पिल्लं निघायला शेजारच्या पेटीत जातात. आत सारखं कुणी ना कुणी असतंच. पूर्वी एकदमच सगळी भरायचो. पिल्लं निघाली की यंत्र बंद करून धुवायचो. आता या पद्धतीला दोन महिने होत आले."

ताईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "हो," त्या म्हणाल्या.

परतताना त्यांनी मला सगळं सांगितलं, एखाद्याला पत्ता सांगावा तसं. यंत्र सुरू झाल्यापासून एक आकडा वाढत जातो. एकोणपन्नास दिवस आणि काही तासांनी तो भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ट्रे पुढे कधी हलवायचे हे ताईंचा प्रोग्रॅम त्या आकड्यात एक तास मिळवून ठरवायचा; भरण्याच्या आधीच्या शेवटच्या तासात ती बेरीज मावायची नाही आणि हिशेब चुकायचा. यंत्राला सारखं वाटत राहायचं की तास उलटून गेला, आता ट्रे हलवा. ते हलवत राहिलं, हलवत राहिलं, आणि मोटर जळली.

"मग इतकी वर्षं कसं चाललं?"

"पेट्या धुणारे लोक यंत्र बंद करायचे आणि आकडा पुन्हा शून्यावर यायचा म्हणून. माझ्यामुळे नाही."

थोड्या वेळाने मी विचारलं, "वाईट वाटतंय का, ताई?"

त्यांनी खरोखरच विचार केला. "वाटायला हवं, नाही का?" त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना प्रोग्रॅम छापून काढला. त्या ओळीपाशी त्यांचीच टीप होती: एकोणपन्नास दिवस पुरे, पिल्लं एकविसाव्या दिवशी बाहेर. म्हणजे आकडा भरतो हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. दुपारपर्यंत त्यांनी दुरुस्ती केली आणि बैठकीत कागद साहेबांसमोर ठेवला.

साहेबांनी त्यांची बाजू घेतली. "चिपमध्ये जागाच नव्हती, ताई. मोठा आकडा ठेवणार कुठे? तुम्ही विचार करूनच लिहिलंत. हीच तर शिस्त."

"मोठा आकडा लागतच नाही," ताई म्हणाल्या. "बेरीज करून ताडण्याऐवजी वजाबाकी करायची. मागच्या वेळेपासून किती गेलं, एवढंच बघायचं. मग आकडा फिरला तरी उत्तर बरोबर येतं. एक बाइटही जास्त लागला नाही. उलट एक वाचला."

साहेबांनी कागद जवळ ओढला.

"भाषेने मला जागा वाचवायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "ते मी शिकले. यंत्रापाशी कोण उभं असेल, ते कसं वापरतील, हे तिने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुस्तिकेतून माझं नाव काढा."

साहेबांनी नाव काढलं. मत काढलं नाही. त्याखाली दुसऱ्या कुणाचा तरी दाखला आला.

पुढची अडचण अशी की जुन्या पाट्यांत नवा प्रोग्रॅम दुरून पाठवता यायचा नाही, प्रत्येक ठिकाणी जाऊन चिप बदलावी लागायची. हे काम दुरुस्ती विभागाचं होतं. ताईंनी ते मागून घेतलं. पाच महिने त्या गावोगाव फिरल्या. यंत्रासमोर स्टुलावर बसायचं, झाकण उघडायचं, जुनी चिप अलगद उपसायची, नवी बसवायची. मग वहीत लिहायचं: हे लोक यंत्र कधी बंद करतात, कोण करतं, लाइट गेली तर काय करतात. त्या वह्यांचा पुढे नव्या पाटीसाठी उपयोग झाला. नवी पाटी नव्या भाषेत लिहिली गेली. ती भाषा चुकीची ओळ पुढे जाऊच देत नाही, असं सगळे कौतुकाने सांगत. ताई तीही शिकल्या. मी एकदा विचारलं, कशी वाटते? "बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण हिलासुद्धा पेटी कोण धुतं ते माहीत नाही."

शेवटच्या दौऱ्यात मी बरोबर होतो. एका केंद्रात पिल्लं नुकतीच निघाली होती. तिथल्या माणसाने कौतुकाने एक उचलून ताईंच्या ओंजळीत ठेवलं. रीत म्हणून जेवढा वेळ धरावं लागतं तेवढा वेळ त्यांनी धरलं.

"गरम आहे," त्या म्हणाल्या, आणि ते परत देऊन त्यांनी दुसरं यंत्र कुठे आहे ते विचारलं.